कलशाआडचा मॉनिटर

केबलच्या टोकाशी चिकटवलेली कागदाची पट्टी, अक्षर निळ्या बॉलपेनचं : दोन नंबर. ओढू नये.

*

झेंडू दोन किलो. आंब्याचे डहाळे. नारळ पाच. कुंकू पाव किलो, मागच्या वर्षी कमी पडलं होतं. लिंबं, दर मशीनला एक. कॉम्प्युटर हेसुद्धा मशीनच.

*

कारखान्याच्या गेटचं रजिस्टर, ऑक्टोबर २००७. शनिवार ता. २० : गुरुजी, सकाळी सव्वानऊ. रविवार ता. २१ : पान कोरं. सोमवार ता. २२ : टेम्पो, सकाळी अकरा.

*

प्लास्टिकचा क्रेट साच्यातून सुटून यायचा तर त्याच्या भिंती अगदी उभ्या चालत नाहीत. जराशा कलत्या लागतात. कल कमी पडला की क्रेट साच्यात रुतून बसतो. मग साचा तरी कापायचा, नाहीतर कपाळावर हात तरी मारायचा.

*

“अण्णा ओरडले का?”

“नाही ना ताई. एक शब्दही नाही.”

एक

फोन तृप्तीचा होता, सोमवारी दुपारी दोनचा. आशा निकम तीन वाजता सातपूरच्या शेडमध्ये पोचली.

आशाचं वय बेचाळीस. नवऱ्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ती सोल्डरिंग शिकली आणि टीव्हीचे दिवस सरल्यावर कॉम्प्युटरकडे वळली. आता सातपूर-अंबडच्या चौदा ऑफिसांतले कॉम्प्युटर तिच्या भरवशावर चालत. त्यातलं पहिलं ऑफिस हे : यादव टूल रूम. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणारी अकरा कामगारांची शेड. मालक दत्तात्रय यादव, वय त्रेसष्ट, सगळ्यांचे अण्णा. बाईच्या हातात स्क्रूड्रायव्हर बघून बाकीचे हसले होते तेव्हा अण्णांनी तिला काम दिलं होतं.

तृप्ती ही तिथली एकुलती एक डिझायनर. तीन वर्षं झाली होती. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते.

“बस. पाणी पी, मग सांग,” आशा म्हणाली.

“पाणी नको ताई. ड्रॉइंग पाहिजे.”

झालं होतं ते असं. पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्या शेठना क्रेटचा नवा साचा हवा होता. दोन महिने राबून तृप्तीने ड्रॉइंग केलं. शुक्रवारी चार वाजता अण्णांनी सगळ्यांसमोर त्याच्या कागदावर सही केली. शनिवारी खंडेनवमी, रविवारी दसरा. तृप्ती शुक्रवारी संध्याकाळीच आईबरोबर वणीला देवीच्या दर्शनाला गेली, रविवारी उशिरा परतली. सोमवारी सकाळी आली ती लॅपटॉप डॉकवरून उचलून थेट अण्णांच्या गाडीत बसली.

डॉक म्हणजे लॅपटॉपचा पाट. लॅपटॉप त्यावर टेकवून दाबला की खट् आवाज होतो आणि कीबोर्ड, माउस, प्रिंटर, दोन मोठे मॉनिटर अशी सगळी वरात एका दमात त्याला येऊन मिळते. उचलला की वरात पाटापाशीच राहते आणि नवरदेव एकटाच पिशवीत बसून पिंपळगावला निघतो. ही सोय आशानेच सहा महिन्यांपूर्वी करून दिली होती.

“तिथे शेठ, त्यांचे दोन भाऊ, सगळे टेबलाभोवती उभे,” तृप्ती म्हणाली. “मी फाइल उघडली. पडद्याच्या खालच्या पट्टीवर नाव आलं. वर काहीच नाही. नुसता निळा पडदा. दुसरी फाइल उघडली, तेच. तिसरी, तेच. ताई, नाव आहे आणि माणूस नाही, असं.”

“दुसऱ्या कॉम्प्युटरवर?”

“हे सॉफ्टवेअर दुसरीकडे कुठे आहे?”

मागून आवाज आला, “मॅडम, कशाला डोकं लावताय? सरळ गोष्ट आहे.” हा ललित, अण्णांचा पुतण्या. गिऱ्हाइकांकडे जाणं-येणं त्याच्याकडे. “पुण्याला नोकरी लागली हिला. जाणारा माणूस हात हलवत जातो का कधी?”

“ललितदादा, मी तीन वर्षं—”

“तीन वर्षं आम्ही पण पगार दिला ना! फुकट शिकलीस का?”

तृप्तीची पंचाईत इथेच होती. पुण्याच्या कंपनीला अनुभवाचा दाखला हवा होता आणि तो बुधवारच्या कुरियरने निघाला नाही तर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाणार होती. दाखला टाइप होऊन अण्णांच्या टेबलावर पडला होता. पिंपळगावहून परतताना गाडीत अण्णा एवढंच म्हणाले होते : “फाइल सापडू दे. मग बघू.”

आशाने लॅपटॉप डॉकवर ठेवला. खट्. एक नंबरचा मॉनिटर उजळला. तृप्तीने फाइल उघडली : पट्टीवर नाव, वर काहीच नाही. दोन नंबरचा काळाच राहिला.

“हा कधीपासून बंद?”

“बंद?” तृप्तीने आत्ता पाहिलं. “शुक्रवारी तर चालू होता.”

एका माणसाला एकाच दिवशी दोन दुखणी लागली तर आशा दोन औषधं देत नसे. दुखणं एकच तर नाही ना, हे आधी बघायची.

दोन

दोन नंबरच्या केबलचं टोक तिने डॉकमधून काढून उजेडात धरलं. पंधरा पिनांपैकी तीन आडव्या झाल्या होत्या. पिनांच्या बुडाशी लाल पूड होती.

“सहादूबाबा!” तिने हाक मारली.

सहादू गेटवरचा. पेठ तालुक्याकडचा, साठीचा, गेटशेजारच्या खोलीतच राहणारा. तो आला आणि केबल बघताच त्याने कान पकडले.

“म्याच बसवली ती बाई. पूजेला टेबल पूर्वेच्या भिंतीला नेलं व्हतं. आज सकाळी परत आणताना ही तार निसटली. मंग लावली.”

“उलटी लावली.”

“आधी उलटी, मंग सुलटी. जात नव्हती, जरा रेटली.”

“पूजेला ठेवताना तारा काढल्या नव्हत्या?” आशाने विचारलं.

“अण्णा काढू देत्यात व्हय! तारा काढलेलं मशीन म्हंजी पाय मोडलेला बैल म्हनत्यात. पूजा करायची त अख्ख्याची. तारा जोडून, बटनं लावून, फकस्त बंद.”

आशाने चिमट्याने एकेक पिन सरळ केली. तांदळातला खडा उचलावा तितक्या हलक्या हाताने. कुंकू फुंकून काढलं, टोक डॉकमध्ये बसवलं आणि स्क्रू पिळले.

दोन नंबरचा मॉनिटर डोळे किलकिले केल्यासारखा फडफडला आणि उजळला.

त्यावर क्रेटचं ड्रॉइंग होतं. सगळं. भिंती, जाळी, कडा, मापं.

तीन

“अगं बाई!” तृप्तीने खुर्ची मॉनिटरपाशी ओढली.

आशाने तिला समजावलं. हा प्रोग्राम मोठा इमानी. ज्या मॉनिटरवर ठेवून बंद कराल, पुढच्या वेळी तिथेच उघडतो. त्याला दोन नंबरवर ठेवून कोणीतरी बंद केलं. पिंपळगावला दोन नंबर नव्हताच, तरी हा बापडा उघडत होता तो नसलेल्या मॉनिटरवर. इथे मॉनिटर होता, पण सहादूने पिना वाकवल्यामुळे आंधळा. ड्रॉइंग कुठे गेलंच नव्हतं. बघायची जागा तेवढी गेली होती.

तृप्ती हसायला लागली. हसणं फार टिकलं नाही, कारण ललित टाळ्या वाजवत होता.

“वा! म्हणजे हरवलं नव्हतं. लपवलं होतं. आणि ही युक्ती इथे कोणाला जमते? अकरा जणांत माउस धरता येतो कोणाला? अण्णा, ऐकताय ना?”

अण्णा केबिनच्या दारात उभे होते. पांढरा शर्ट, दोन्ही हात पाठीमागे. आशाला वाटलं, आता ते सुटकेचा श्वास टाकतील. ते म्हणाले, “सापडलं, चांगलं झालं.” आणि आत गेले. दाखल्याचं नाव निघालं नाही.

मघापेक्षा प्रकरण वाईट झालं होतं. हरवलेल्या फाइलचं खापर नशिबावर तरी फोडता येतं. लपवलेल्या फाइलला लपवणारा लागतो.

“तू ड्रॉइंग दोन नंबरवर ठेवतेस?” आशाने हळू विचारलं.

“कधीच नाही. तो लहान आहे. त्याच्यावर मी फक्त मापांची यादी ठेवते. ड्रॉइंग कायम एक नंबरवर. देवाशपथ.”

“देवाला राहू दे. मशीनला विचारू.”

कोणत्या दिवशी कधी सुरू झालो, कधी बंद झालो याची टिपणं मशीन स्वतःच ठेवतं. ती कुठे असतात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आशाने ती उघडली. शुक्रवार, संध्याकाळी पाच पंचेचाळीसला बंद. सोमवार, सकाळी नऊला पिंपळगावी सुरू.

या दोन ओळींच्या मध्ये आणखी एक जोडी होती.

रविवार, सकाळी सहा पन्नासला सुरू. सात पंचवीसला बंद.

दसऱ्याची सकाळ. तृप्ती तेव्हा वणीच्या गडावर होती. आणि इथे मशीन पूजेत होतं.

चार

त्या शेडमध्ये ही गोष्ट काय दर्जाची होती, ते सांगायला हवं. खंडेनवमीला पूजा झाली की सोमवारी मांडणी उचलेपर्यंत कोणत्याही हत्याराला बोट लावायचं नाही. अण्णांचा हा नियम तीस वर्षांचा. हत्यारालाही दोन दिवस अंग टाकू द्यावं, असं ते म्हणत. पाच वर्षांपूर्वी केरू फिटरने सायकलची चेन बसवायला पूजेतला पाना उचलला, तर त्याला आठ दिवस घरी बसवलं होतं. तेव्हा ओरडले ते नाक्यावर ऐकू गेलं.

मंगळवारी सकाळी आशा पुन्हा आली. ऑफिसच्या किल्ल्या तिघांकडे होत्या : सहादू, ललित, अण्णा. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलेला, म्हणजे तो सगळ्यांकडे होता.

सहादू म्हणाला :

“नाय बाई. मला त्यो उंदीर हातात धरता येत नाय. जिता धरीन. रविवारी? रजिस्टर बघा की. कोरं हाय. नाय, नाय, कोरं म्हंजी बाहेरचं कोनी नाय आलं. बाहेरच्याचंच नाव लिवत्यात ना. घरचा मानूस कोन लिवतो? तुमच्या घरी तुमी लिवता का? घरचं कोन आलं, ते मला नका इचारू. मला अजून चार वरीस काढायचीत हितं.”

ललित म्हणाला :

“माझ्यावर संशय? भारी आहे! रविवारी सातला मी झोपलो होतो. साक्षीदार? बायको, पण ती पण झोपली होती. हो, किल्ली आहे. हो, माझा मेहुणा डिझाइन शिकलाय, तृप्ती गेली तर त्याला लावायचं मनात आहे, त्यात लपवायचं काय? पण तिला जायचंच आहे, मग मी तिला अडकवून ठेवू कशाला? जाऊ दे की लवकर! फोटो? काढलेत ना पूजेचे, थांबा.”

तो कॅमेरा घेऊन आला. टेबलावर टेकायला जागा नव्हती, कारण तिथे पूजेतला एक नारळ अजून होता, कुंकवाचे पट्टे ओढलेला. ललितने तो हाताच्या मागच्या बाजूने सरकवला, शेजारचं लिंबू खाली पडून गडगडत गेलं, आणि साहेब टेकले. सहादूने धावत जाऊन लिंबू उचललं आणि कपाळाला लावलं.

आशाने हे सगळं पाहिलं. मग तिने फोटो पाहिले.

पाच

शनिवारच्या फोटोतल्या टेबलावर, डावीकडून उजवीकडे : फाइलींचा जुडगा, कानशी तीन, माप घ्यायचा व्हर्नियर, एक नंबरचा मॉनिटर. त्याच्या अगदी पुढ्यात तांब्याचा कलश, त्यात आंब्याची पानं, वर नारळ, नारळाला हार. मॉनिटरचा मधला भाग पूर्ण झाकलेला. मग डॉक, त्यावर मिटलेला लॅपटॉप, लॅपटॉपवर झेंडूचं एक फूल. मग दोन नंबरचा मॉनिटर, पुढे मोकळा. त्याच्या पायाशी स्टीलची एक जुनी पट्टी, वापरून वापरून पांढरी पडलेली. सगळ्यांना हळद-कुंकू. मॉनिटरना ते फक्त चौकटीवर, काचेवर नाही.

“काचेवर नाही,” आशा स्वतःशीच म्हणाली.

ती उठून दोन नंबरच्या मॉनिटरजवळ गेली. ड्रॉइंग उजळलेलं होतं म्हणून काल तिला दिसलं नव्हतं. आता तिने मान वाकडी करून काच तिरकी पाहिली. काचेवर तीन लाल ठिपके होते, मोहरीएवढे. एक क्रेटच्या भिंतीच्या तळाशी. दुसरा बरोबर वर, तळाच्या ठिपक्याच्या सरळ रेषेत. तिसरा त्याच्या शेजारी, भिंतीच्या वरच्या कडेवर.

“तृप्ती, पट्टी आण.”

तळापासून वरपर्यंत अडीचशे मिलिमीटर. वरच्या दोन ठिपक्यांत साडेसहा.

तृप्तीने कॅल्क्युलेटर दाबला आणि बघत राहिली. “ताई, हा दीड अंश आहे. भिंतीचा कल. काचेवर पट्टी लावून कोणीतरी माझा कोन मोजलाय.”

“तू असा मोजतेस?”

“मी कशाला? एक क्लिक केलं की आकडा येतो.” ती थांबली. “पट्टी लावून फक्त...” आणि वाक्य तिने गिळलं.

आशाने कॅमेरा बंद केला. “चहा पाजतेस का? मला पाच मिनिटं गप्प बसायचंय.”

सहा

केबिनचं दार तिने आतून लोटून घेतलं. अण्णांच्या समोर दाखला तसाच पडला होता. पेन त्याच्यावर आडवं.

“बसा आशाताई. झालं काम? बिल लावून द्या.”

“बिलाचं नंतर बघू. अण्णा, मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर हाकलून द्या.”

अण्णांनी टेबलावर एक हात टेकवला.

“रविवारी सकाळी पावणेसातला ऑफिसात कोणीतरी आलं. रजिस्टरात नाव नाही, म्हणजे घरचं. सहादू, ललित किंवा तुम्ही. त्याने मशीन चालू केलं. ड्रॉइंग एक नंबरवर उघडलं, कारण तृप्तीने शुक्रवारी तिथेच बंद केलं होतं. पण एक नंबरच्या पुढे कलश होता. नारळाआडून दिसणार काय? दुसरा कोणी असता तर कलश उचलून बाजूला ठेवला असता. याने उचलला नाही. याने ड्रॉइंगच ओढून दोन नंबरवर नेलं. कसं न्यायचं ते त्याला माहीत होतं. रोज तृप्तीच्या खुर्चीमागे हात बांधून उभं राहिलं की तेवढं कळतं.”

अण्णांनी टेबलावरचा हात मांडीवर घेतला.

“पूजेतलं मशीन चालू करण्याइतकी गरज होती, पण कलशाला हात लावायची छाती नव्हती. असा माणूस कोण? ललित नाही. ललितने आज सकाळी नारळ हाताच्या मागच्या बाजूने ढकलला, लिंबू पाडलं. सहादू कलशाला शिवणार नाही हे खरं, पण त्याला माउस धरता येत नाही. मग त्या माणसाने पूजेतलीच पट्टी घेतली. तिचं कुंकू बोटांना लागलं, बोटांचं काचेला. क्रेटचा कल मोजला. हाताने. कारण एक क्लिक केलं की आकडा येतो, हे त्याला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज होती.”

बाहेर लेथ सुरू झाला आणि थांबला.

“आणि शेवटचं. तुम्ही ओरडला नाहीत. एक ड्रिल हरवलं तर तुम्ही शेड डोक्यावर घेता. दोन महिन्यांचं ड्रॉइंग गेलं आणि तुम्ही गप्प. गाडीत गप्प, काल दारात गप्प. दुसऱ्याने केलेल्या चुकीवर माणूस एवढा गप्प बसत नाही.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“किती भरलं तुमच्या मापाने?” त्यांनी विचारलं.

“दीड अंश.”

“माझ्याही. पोरीचं बरोबर होतं.” ते थोडं हसले. “शुक्रवारी सही केली मी. सगळे भोवती उभे होते, केली. न बघता. चाळीस वर्षांत न बघता सही केली नव्हती कधी. दोन रात्री झोप नाही. म्हटलं, जाऊन एकदा आपल्या हाताने मोजून येऊ. कोणी नसताना. काचेला नाक लावून, पट्टी धरून बसलेला मालक... हसले असते हो सगळे.”

“आणि सोमवारी ड्रॉइंग दिसेना.”

“मला काय वाटलं असेल सांगा! पूजेतल्या मशीनला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी सगळं साफ. मी समजलो, माझ्याच हाताने गेलं. काहीतरी भलतं दाबलं. किंवा...” त्यांनी भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीकडे पाहिलं आणि पुढचं सोडून दिलं.

“ठीक आहे. पण तृप्तीचा दाखला का अडवलात?”

हा प्रश्न अण्णांना सगळ्यात जड गेला.

“सही केली असती तर ललित म्हणाला असता, चोराला दाखला दिला. ती चोर नाही असं सांगायचं, तर मग कोण ते सांगायला लागलं असतं. म्हटलं, उद्या सांगू.”

“उद्या बुधवार आहे अण्णा. संध्याकाळी कुरियर निघतं.”

ती उठली. ड्रॉइंग सापडलं होतं, म्हणजे तिचं काम संपलं होतं. खरं कोणी बोलायचं, ते तिच्या कामात बसत नव्हतं.

“आशाताई,” अण्णा म्हणाले, “तुम्ही बाहेर सांगणार का?”

“मी केबल दुरुस्त करायला आले होते,” आशा म्हणाली. “पण ती पोरगी हुशार आहे. तिने ते ठिपके पाहिलेत आणि कोणाचे ते तिला कळलंय. काल दुपारपासून तिला चोर म्हणतायत ते ती ऐकून घेतेय. आता तर मुद्दाम ऐकून घेईल, बघा. तुमच्यासाठी.”

सात

बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मशीनं सुरू झाली नाहीत. अण्णांनी सगळ्यांना लेथपाशी बोलावलं. आशाला मुद्दाम फोन गेला होता, तीही एका बाजूला उभी राहिली. ललित मोबाइल चाळत होता.

“रविवारी पूजेतला कॉम्प्युटर चालू केला,” अण्णा म्हणाले, “तो मी. ड्रॉइंग दुसऱ्या मॉनिटरवर ठेवलं, तेही मी. तृप्तीचा काडीचा संबंध नाही. दोन दिवस तिला चोर म्हणालात, मी ऐकत बसलो. ती चूक मशीनला हात लावण्याहून मोठी.”

ललितने मोबाइल खिशात घातला.

मग मागच्या रांगेतून केरू फिटर खाकरला. “अण्णा, एक विचारू? मी पाना उचलला तर आठ दिवस घरी. अख्ख्या कॉम्प्युटरचे किती दिवस होतात?”

पहिल्यांदा हसले ते अण्णा, आणि मग शेड हसली. सहादू तर लिंबं ठेवायच्या कोनाड्याला टेकून हसला.

“पंधरा,” अण्णा म्हणाले. “उद्यापासून. तुझ्या आठ दिवसांचा पगार आज घेऊन जा.”

ललित तृप्तीजवळ गेला. “मी जरा जास्तच बोललो,” तो म्हणाला.

“जरा?” तृप्ती म्हणाली.

“बरं, बरंच.”

केबिनमध्ये अण्णांनी दाखला पुढे ओढला. आठ ओळींचा कागद. त्यांनी तो उचलून चेहऱ्याजवळ नेला, मग खिडकीकडे धरला, मग टेबलावर ठेवला. “वाचून दाखव,” ते तृप्तीला म्हणाले.

तिने वाचला. काम चोख. वागणूक उत्तम. स्वेच्छेने नोकरी सोडत आहे.

“एक ओळ वाढव. हिची मापं आमच्या मापांशी तंतोतंत जुळतात, असं लिही.”

“असं दाखल्यात लिहीत नाहीत अण्णा.”

“मी लिहितो.”

ओळ टाइप होऊन आली. अण्णांनी पेन उघडलं आणि कागदावर धरून थांबले.

“कुठे करू?”

तृप्तीने त्यांच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता तिने आपलं बोट कागदावर, खालच्या रेघेच्या सुरुवातीला टेकवलं. अण्णांनी पेन त्या बोटाला लावलं आणि तिथून सही केली.

साडेपाचला कुरियरवाला पाकीट घेऊन गेला. गेटच्या रजिस्टरात सहादूने त्याचं नाव लिहिलं.

शुक्रवार, ता. १९ ऑक्टोबर २००७, सकाळी सव्वाअकरा वाजता, म्हणजे ड्रॉइंगवरच्या सहीच्या पावणेपाच तास आधी, गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दत्तात्रय यादव यांना सांगण्यात आलं की, काचबिंदूने त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली आहे, ती परत येणार नाही, आणि डाव्याची निम्मी उरली आहे.